रोजावरचा स्ट्रायकर

१ सप्टेंबर २०२५ च्या रात्री साडेअकराला आमच्या नांदेडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो दंगा झाला, तो दिवाळीतही होत नाही. इंग्लंडची ट्रान्सफर विंडो बंद होत होती. अलेक्झांडर इसाक न्यूकॅसल सोडून लिव्हरपूलला गेला, साडेबारा कोटी पौंडांना. लिव्हरपूलवाल्यांनी लगेच ट्रॉफीचे इमोजी टाकले. आर्सेनलवाले आपण किती उडवले याचा हिशोब मांडत बसले. युनायटेडवाले नेहमीसारखं म्हणाले, 'एक मिडफिल्डर घ्यायला पाहिजे होता बे.' हा माणूस खेळणार कुठं, कुणाच्या बाजूला, आणि बॉल गेला की परत पळणार कोण, हे एकानंही विचारलं नाही.

मीही नाही विचारलं. मीही इमोजी टाकला. त्यामुळं हा लेख त्या ग्रुपवरच्या सगळ्यांच्या विरोधात आहे, आणि त्या सगळ्यांत पहिला मी.

त्याच्या आदलं वर्ष आठवा. २०२४ च्या उन्हाळ्यात युर्गन क्लॉप गेला आणि आर्ने स्लॉट आला. नव्या कोचला क्लब कोण कोण घेऊन देतो, याची आमच्या ग्रुपनं दोन महिने वाट पाहिली. त्या मोसमात खेळायला म्हणून नवा आला तो एकटा फेडेरिको किएसा, आणि तोही लीगमध्ये जेमतेम दिसला. ग्रुपवर बोंबाबोंब: मालक कंजूस आहेत, पहिल्या चारातसुद्धा येत नाही आपण. स्लॉटनं काय केलं? आदल्या वर्षी बराच वेळ बेंचवर काढलेल्या रायन ग्राव्हेनबर्कला डिफेन्सच्या पुढं उभं केलं. बॉल थोडा जास्त वेळ स्वतःकडं ठेवायला शिकवलं. आणि एप्रिल २०२५ मध्ये, चार सामने शिल्लक असताना, लीग जिंकली.

मग पुढच्या उन्हाळ्यात चाळीस कोटी पौंडांहून जास्त खर्च झाला. आणि सप्टेंबरच्या शेवटी सुरू करून सलग चार लीग सामने हरले: क्रिस्टल पॅलेस, चेल्सी, मँचेस्टर युनायटेड, ब्रेंटफर्ड.

इथं एक गोष्ट न सांगता पुढं जाणं बरोबर नाही. त्याच जुलैमध्ये दियोगो जोटा अपघातात गेला. ज्या पोरांनी आपल्या सोबत्याला निरोप दिला, त्यांच्या पायात तेच बळ का नाही, हे विचारायचा हक्क मला नाही. पण मैदानावरचं जे दिसत होतं, ते दिसतच होतं. मागचे बदलले, पुढचे बदलले, आणि कोण कुणासाठी जागा सोडतो हे आदल्या वर्षी न बोलता कळायचं, ते आता ओरडून सांगावं लागत होतं. ते ओरडणं दुकानात विकत मिळत नाही.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणणार, 'लेका, पैशाशिवाय कोण जिंकलंय?' बरोबर आहे. म्हणून मी लेस्टरचं उदाहरण देणारच नाही. एक लेस्टर दाखवायचं आणि सगळ्या गरीब क्लबांना 'बघा, मेहनत करा' म्हणून गप्प बसवायचं, ही श्रीमंतांची जुनी युक्ती आहे. पैसा लागतो. प्रश्न तो जातो कशावर, हा आहे. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की या दोघांचं 'सॉकरनॉमिक्स' नावाचं पुस्तक आहे. त्यात १९७८ ते १९९७ या काळातल्या ४० इंग्लिश क्लबांचा हिशोब दिलाय. कोणता क्लब लीगमध्ये कितव्या जागेवर येतो, यातला ९२ टक्के फरक खेळाडूंच्या पगारांवरच्या खर्चानं समजावता येतो. ट्रान्सफरच्या रकमेनं फक्त १६ टक्के. पगार म्हणजे चांगला माणूस टिकवून ठेवण्याचा खर्च, वर्षभराचा, घरखर्चासारखा. ट्रान्सफर म्हणजे लग्नातला डीजे. आवाज त्याचाच जास्त होतो.

युनायटेडवाल्यांनी हे वाचून रागावू नये, पण त्यांची शेवटची लीग २०१३ ची आहे. २०१६ मध्ये पोग्बासाठी जगातली सगळ्यात मोठी रक्कम मोजली. त्याच्यानंतरही खरेदी थांबली नाही, आणि २०२४-२५ मध्ये क्लब पंधराव्या नंबरवर आला. पंधराव्या.

हे सगळं मला पुस्तकातून कळायच्या आधी लातूरच्या ग्राउंडवर कळलं होतं, जानेवारी २०२५ मध्ये. कळूनसुद्धा सप्टेंबरात इमोजी टाकला, ही माझी लायकी.

आमची टीम नांदेडची. नाव सांगत नाही, कारण पोरं वाचतील. ग्राउंडच्या मधोमध क्रिकेटचं पिच, एका कडेला पोलीस भरतीची पोरं धावतात, दुसरीकडं कुणीतरी बायकोला स्कूटी शिकवतो. गोलपोस्ट आहेत, जाळी नाही. त्यामुळं गोल झाला की नाही यावर भांडण, आणि बॉल आणायला नालीपर्यंत जावं लागतं. तरी आम्ही पाच वर्षं रोज सकाळी खेळतोय. कोच नाही. यूट्यूब आहे.

लातूरला एक ओपन टूर्नामेंट होती. पहिलं बक्षीस चांगलं होतं. मी ग्रुपवर मांडलं की आपण नुसतं जाऊन हरायचं नसेल तर बाहेरचे तीन प्लेयर आणू. मीच मांडलं, मीच वर्गणी गोळा केली, मीच फोन लावले. दोन हैदराबादचे, एक संभाजीनगरचा. रोज ठरला, जाण्यायेण्याचं भाडं वेगळं, जेवण आपल्याकडं. आपल्याकडं सगळीकडं चालतं हे. कबड्डीत चालतं, टेनिस बॉल क्रिकेटमध्ये तर त्याशिवाय पानच हलत नाही. कोल्हापुरात, जिथं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाच्या सामन्याला माणूस मावत नाही, तिथं आफ्रिकेतून आलेले खेळाडू तालमींकडून खेळले आणि त्यावरून वर्षानुवर्षं वादही झाले. पण कोल्हापुरात बाहेरचा माणूस येतो तेव्हा त्याच्या खाली शंभर वर्षांची फुटबॉलची जमीन असते. आमच्या खाली क्रिकेटचं पिच होतं.

तीन आले म्हणजे तीन बसले. त्यातला एक आमचा गोलकीपर. वडिलांच्या पंक्चरच्या दुकानात बसतो, सकाळी साडेपाचला सगळ्यांच्या आधी ग्राउंडवर असतो, पाच वर्षांत दोनदा बोट मोडून घेतलेला. मी त्याला फोनवर सांगितलं, 'भौ, एवढ्या एका टूर्नामेंटपुरतं.' तो म्हणाला, 'हौ, चालतंय की.' आणि आला. बेंचवर बसायला क्रूझरमध्ये लोहा, अहमदपूर करत आमच्याबरोबर लातूरपर्यंत आला. पाण्याच्या बाटल्या त्यानंच भरल्या.

पहिले दोन सामने आम्ही जिंकलो, हे सांगितलं पाहिजे. आमचा रोजावरचा स्ट्रायकर खरंच भारी होता. पहिल्या सामन्यात त्यानं अर्ध्या मैदानावरून एकट्यानं नेऊन गोल मारला आणि मी बाहेर नाचलो. वर्गणी वसूल, असं मी ओरडलोसुद्धा.

सेमीफायनल लातूरच्याच एका टीमशी होती. अकराच्या अकरा एकाच शाळेतून निघालेले, दोघं तर अजून बारावीत. त्यांच्या जर्सीवरचे नंबर स्केचपेननं लिहिलेले. आम्ही हसलो. त्यांनी आम्हाला तीन गोल मारले, आणि त्यातले दोन अगदी एकसारखे. कॉर्नर मिळाला की एक जण जवळ पळत यायचा, छोटा पास घ्यायचा, आमचे दोघं त्याच्याकडं धावायचे, तो बॉल मागं द्यायचा आणि मागून आलेला तिसरा लांबच्या पोस्टवर टाकायचा. तिथं एक पोरगा मोकळा. पहिल्यांदा झालं तेव्हा आम्हाला वाटलं नशीब. दुसऱ्यांदा झालं तेव्हा आमचा हैदराबादचा डिफेंडर आमच्या लेफ्टबॅकवर ओरडत होता, आणि लेफ्टबॅकचं नाव माहीत नसल्यामुळं 'ए रेड, ए रेड' म्हणत होता. आम्ही अकराच्या अकरा लाल जर्सीत होतो.

आमचा स्ट्रायकर पुढं हात कमरेवर ठेवून उभा होता. त्याची चूक नाही. त्याला रोज गोल मारायचा मिळत होता, मागं पळायचा नाही. तो आपला करार पाळत होता. करार करणाऱ्याला फुटबॉल कळत नव्हता.

सामन्यानंतर त्यांच्या पी.टी.च्या सरांना मी गाठलं. चहाच्या गाड्यावर उभे होते. विचारलं, 'सर, ते कॉर्नरचं कधीपासून करताय?' ते म्हणाले, 'बाळा, जूनपासून. रोज वीस मिनिटं. दुसरं काहीच येत नाही आम्हाला.' मग हसले आणि म्हणाले, 'पैसे नाहीत म्हणून करतो रे. पैसे असते तर आम्हीबी तुमच्यासारखे प्लेयर आणले असते.' ते दुसरं वाक्य मी अजून पचवतोय.

परतीच्या क्रूझरमध्ये गोलकीपर काही बोलला नाही. फेब्रुवारीत तो सकाळी यायचा बंद झाला. दुकान मोठं केलंय, वेळ मिळत नाही, असं सांगतो. दुकान तेवढंच आहे. मी रोज तिथून जातो.

तुम्ही म्हणाल, गल्लीतल्या टूर्नामेंटवरून लीग जिंकायचं तत्त्वज्ञान काढू नकोस. ठीक आहे, मोठ्या लीगचं घ्या, आपल्याच देशातल्या आणि आपल्याच मुंबईतल्या क्लबाचं.

मुंबई एफसी नावाचा क्लब आय-लीगमध्ये खेळायचा. २००९ पासून त्याचा कोच होता खालिद जमील. टीम फार देखणी खेळायची नाही, पण टिकून राहायची. २०१६ मध्ये क्लबनं त्याला निरोप दिला. त्याच वर्षी मिझोरमचा ऐजॉल एफसी लीगमधून खाली घसरला होता. पण गोव्याच्या डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी महासंघाच्या नव्या आराखड्यावर चिडून आय-लीग सोडली, आणि जागा भरायला ऐजॉलला परत बोलावलं. खालिद तिकडं गेला. मुंबईत त्याच्या हाताखाली खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता त्याच्यासोबत गेले. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल-अम्ना. बाकी बहुतेक मिझो पोरं, जी लहानपणापासून एकमेकांविरुद्ध आणि एकमेकांसोबत खेळत आलेली.

मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यासमोर या टीमची किंमत काय होती, हे त्या वेळी कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. २२ एप्रिल २०१७ ला ऐजॉलमध्ये मोहन बागानला त्यांनी एक-शून्य हरवलं. गोल झोमिंगलियाना राल्तेचा, डिफेंडरचा, हेडरवर. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजोंगविरुद्ध सुरुवातीलाच गोल खाल्ला, दुसऱ्या हाफमध्ये फेडला, आणि एका पॉइंटनं देशाची लीग जिंकली. ईशान्येतला पहिला क्लब.

त्याच मोसमात मुंबई एफसी शेवटच्या नंबरवर येऊन लीगमधून बाहेर पडला. परत कधी वर आला नाही.

ही गोष्ट इथं थांबवली तर ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायच्या लायकीची होते. पण पुढं काय झालं तेही सांगतो, माझ्या मुद्द्याला ते अडचणीचं असलं तरी. ईस्ट बंगालनं खालिदला नेलं, अल-अम्नालाही नेलं. म्हणजे ज्याला मी टॅक्टिक्स म्हणतोय, तेच त्यांनी विकत घेतलं. आणि पुढच्या मोसमात ईस्ट बंगाल चौथा आला, ऐजॉल पाचवा. लीग जिंकली तरुण पोरांच्या मिनर्व्हा पंजाबनं. म्हणजे डोकंही असं उचलून दुसऱ्या धडावर बसत नाही. ते ज्या टीमबरोबर वाढतं, तिच्याबरोबरच चालतं. 'चांगला कोच आणा' हाही मग ट्रान्सफरचाच ताप झाला, फक्त शर्टऐवजी ब्लेझर घातलेला. आणि खालिदचं म्हणाल तर २०२५ मध्ये तो भारताचा कोच झाला, त्यामुळं त्याची काळजी करायची गरज नाही.

मग मुंबई सिटीचं काय, असं ग्रुपवरच्या एकानं मला विचारलंच. बरोबर विचारलं. २०१५ च्या लिलावात मुंबई सिटीनं सुनील छेत्रीला १ कोटी २० लाखांना घेतलं, सगळ्यात महाग. निकोला अनेल्का तर खेळाडूही आणि मॅनेजरही. छेत्रीनं गोल मारले, आणि टीम आठात सहावी आली. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या कंपनीनं क्लब घेतला, खूप पैसा आला आणि २०२०-२१ मध्ये शील्ड आणि कप दोन्ही जिंकले. पैशानंच ना? हो. पण पैसा कशावर घातला ते बघा. सर्जिओ लोबेरा गोव्यात तीन मोसम एकाच पद्धतीनं खेळवत होता. त्याला आणलं, आणि त्याच्याबरोबर बूमूस, जाहू, फाल, मंदार राव देसाई, म्हणजे ती पद्धत पायात मुरलेली माणसं आणली. त्यांनी खेळाडू नाही, गोव्यातली तीन वर्षं विकत घेतली. पैसा असेल तर असा वापरा, माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण लिलावात सगळ्यात महाग कोण गेला हे बघून टाळ्या वाजवणाऱ्यांशी आहे.

कबड्डी बघणाऱ्यांना हे समजवायची गरज नाही. प्रो कबड्डीच्या दहाव्या मोसमात तेलुगू टायटन्सनं पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांवर नेलं आणि बारात बारावे आले. त्याच लिलावात पुणेरी पलटणनं शादलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले आणि जिंकले. पैसा दोघांनी ओतला. फरक हा की पलटणकडं अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते ही पोरं आधीपासून एकत्र खेळत होती, आणि शादलू त्यांच्यात येऊन बसला. टायटन्सकडं पवन होता, आणि मग बाकीचे होते.

मी लातूरला दोन वर्षं काढलीत, नीटसाठी. रूमवर रात्री कॉटखाली मोबाइल धरून चॅम्पियन्स लीग बघितलीय. त्यामुळं मला हे सगळं बघताना सारखं लातूर पॅटर्न आठवतं. नव्वदच्या दशकात बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं यायला लागली तेव्हा राज्याला वाटलं, इथल्या पाण्यात काहीतरी आहे. पाण्यात काय असणार, लातूरला पाणीच नाही. राजर्षी शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज इथल्या प्राध्यापकांनी जादा तास घेतले, पेपरवर पेपर सोडवून घेतले, तपासून परत दिले, चुकलेलं परत लिहून घेतलं. ते जूनपासूनचं वीस मिनिटांचं कॉर्नर होतं. आपल्याच आजूबाजूची पोरं घेऊन.

आणि आता? आता आधीच हुशार असलेल्या पोराला फी माफ करून आपल्याकडं ओढायचं, निकाल लागला की त्याचा फोटो चौकात लावायचा. एकाच पोराचा फोटो दोन क्लासच्या बोर्डावर मी स्वतः बघितलाय, एकात चष्मा होता, एकात नव्हता. ही ट्रान्सफर विंडोच की. मी होतो त्या बॅचमध्ये पहिल्या चाळिसांना वेगळे सर होते आणि आम्हाला रेकॉर्डेड लेक्चर. आम्ही बेंच. फी मात्र पूर्ण भरलेला बेंच. आणि २०२४ मध्ये नीटच्या पेपरफुटीचा तपास लातूरपर्यंत आला, तेव्हा माझ्या वडिलांनी पेपर घडी करून ठेवला आणि एवढंच विचारलं, 'मग आपण भरलेले कशाचे होते रे?'

म्हणून मला हा विषय फक्त इसाकचा वाटत नाही. माणूस घडवायला वेळ लागतो, कंटाळा येतो, मध्ये हरावं लागतं. विकत घेणं म्हणजे तो कंटाळा टाळणं. इंग्लंडमधल्या अब्जाधीशाला ते परवडतं, पुढच्या वर्षी तो परत घेईल. आम्हाला एकदाच परवडलं, आणि त्यात एक गोलकीपर गेला.

आमच्या ग्रुपवरचा सगळ्यात हुशार पोरगा, आर्सेनलचा आहे, म्हणून त्याला धीर भरपूर आहे. तीन मोसम सलग दुसरे आलेत ते. तो मला म्हणाला, 'तुझं सगळं खरं, पण आपण बाहेरचे आणले नसते तर पहिलाच सामना हरलो असतो.' याला माझ्याकडं उत्तर नाही. हरलो असतो. बहुतेक चार-शून्य. गोलकीपरनं चार खाल्ले असते, एक-दोन भन्नाट वाचवले असते, परतताना लोह्याला थांबून भजी खाल्ली असती आणि त्यानं चारही गोल कुणामुळं झाले ते नावं घेऊन सांगितलं असतं. दुसऱ्या दिवशी साडेपाचला तो ग्राउंडवर असता.

मी मागच्या आठवड्यात हिशोब काढला. तीन प्लेयरचा रोज, भाडं, लॉज, जेवण मिळून जेवढे गेले, तेवढ्यात दोन्ही गोलपोस्टना जाळी आली असती, सहा बॉल आले असते, आणि लातूरच्या त्या सरांना महिन्यातून दोन रविवार नांदेडला बोलवता आलं असतं, पुढचे सहा महिने. सरांना फोन केला होता. म्हणाले, पैसे नकोत, एसटीचं तिकीट द्या आणि पोरं सहा वाजता हजर ठेवा.

जानेवारीची टूर्नामेंट परत आलीय. ग्रुपवर पोल टाकलाय: बाहेरचे आणायचे की सर बोलवायचे. आत्ता हे लिहिताना नऊ विरुद्ध सात आहे, बाहेरच्यांच्या बाजूनं. मी काल पंक्चरच्या दुकानात गेलो. चाकात हवा होती, तरी गेलो. त्यानं टायर दाबून बघितला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, 'काय झालंय याला?' मी पोलबद्दल सांगितलं. तो ग्रुपमध्ये अजून आहे, फक्त म्यूट करून ठेवलाय. त्यानं हात पुसले, मोबाइल काढला, बघितला, परत खिशात ठेवला. मत दिलं की नाही, ते मी विचारलं नाही. घरी येऊन बघितलं तर नऊ विरुद्ध आठ झाले होते.